दशा

अशोक चौकाच्या अलीकडे, औषधाच्या दुकानावर आमची लॅब.
सकाळी सातलाच पत्रा तापायला लागतो.
उपाशीपोटी आलेली माणसं बाकावर,
एक बाही वर करून,
नंबर पुकारायची वाट बघत.

अंबादास येमूल. वय एक्कावन्न. वजन एकशे सात.
शीर सापडत नाही, मी दोनदा टोचते.
"टोचा की ओ बिनधास्त," म्हणतात,
"तीस वर्षं जॅकार्डच्या सुया बदलल्यात मी."

यंत्र गरगरतं. दहा मिनिटांत
लाल खाली बसतं, वर उरतं ते पाणी
कडब्याच्या काडीच्या रंगाचं हवं, आरपार दिसणारं.
येमूलांचं ताकासारखं.
नळी उजेडाकडे धरली
तर पलीकडची खिडकी दिसत नाही.

दुपारी रिपोर्ट न्यायला आले.
सीआरपीच्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय?
सूज, मी म्हटलं. आतली.
त्यांनी घोटा दाबून पाहिला. मग मनगट. मग गुडघा.
"कुठाय ओ? दिसंना तर."

कसं सांगावं.
पोटावरची चरबी म्हणजे कोपऱ्यात रचलेली पोती
असं मलाही वाटायचं, नोकरीला लागेपर्यंत.
पण ती गप्प नसते.
फुगलेल्या पेशी गुदमरतात, निरोप धाडतात,
पहारेकरी काठ्या घेऊन धावतात,
चोर कुणीच नसतो
तरी परत जात नाहीत.
ज्वाळा नाही, धूर नाही.
मे महिन्यात रात्री अकराला
भिंतीला हात लावल्यावर लागते ना,
ती धग.
बारा महिने.

"मागावर होतो तवा सहा भाकऱ्या हाणायचो,
कडक, शेंगाचटणी, वर तेल.
तरी नुसती हाडं.
माग भंगारात गेला, टॉवेलच्या दुकानात बसलो.
पाच चहा, खारी,
गिऱ्हाईक नसलं की फरसाण,
रात्री पोरगा आणतो ते."
असं म्हणून स्वतःच्याच पोटाकडे बघितलं,
दुसऱ्या कुणाची पिशवी सांभाळायला घेतल्यासारखं.

मी पुढे बोलायला नको होतं. डॉक्टरांचं काम ते.
तरी सांगितलं, पेशीत धाग्यांची टोकं असतात,
पेशी दुभंगली की थोडी आखडतात,
धग असली तर जरा लवकर, असं म्हणतात.
येमूल हसले. पहिल्यांदाच.

"म्हणजे दशा की ओ!
चादर उतरली की टोकाला सुटे धागे राहतात.
आमची नागमणी गाठी मारायची, नगावर पैसे.
धुण्यात जातं ते आधी दशांचं जातं.
त्या हायेत तोवर वीण उसवत नाही.
त्या संपल्या,
की मग खरी चादर जायला लागते."

जिना उतरताना कठड्याला धरून
एकेका पायरीवर थांबत गेले.

संध्याकाळी शटर अर्धं ओढलं,
पट्टा दातात धरून माझीच शीर शोधली.
नळीवर नाव लिहिलं नाही, नुसता 'अ'.
खणात वेफर्सचं पाकीट होतं, दुपारचं, अर्धं.
यंत्र थांबेपर्यंत ते संपवलं,
हे लिहून ठेवायलाच हवं.

ताक नाही.
पण खिडकीचे गज मोजता आले नाहीत.

घरी लाइट गेलेली.
पलंगाच्या कडेला बसून
चादरीचं टोक चाचपडत राहिले.
गाठ, गाठ, मग दोन बोटं मोकळी,
मग पुन्हा गाठ.
"काय मोजतीयेस अंधारात?" नवऱ्यानं विचारलं.
काही नाही म्हटलं.
पीठ आहे का ज्वारीचं?
"असंल तळाला. का?
मी वडापाव आणलेत की."

कागद अजून गरम होता.
मी हातात घेतला
आणि बराच वेळ
उघडलाही नाही, खाली ठेवलाही नाही.